दोषांसह शिफारस

तीन रविवार गेले तरी बाबांनी पत्राचं नाव काढलं नव्हतं, आणि उद्या दुपारी बारापर्यंत ते वैद्यकीय महाविद्यालयाच्या कचेरीत पोचायला हवं होतं. बाकी सगळं झालं होतं. दिवसभर शिलाई मशिनं दुरुस्त करायची आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास अभ्यास, असं चार वर्षं करून धाकटी एकोणचाळिसाव्या वर्षी प्रवेश परीक्षा पास झाली होती. आता मुलाखतीच्या यादीत नाव घालण्याआधी महाविद्यालयाला एक कागद हवा होता. उमेदवार तिशीच्या पुढचा असेल, तर त्याने जिथे काम केलं तिथल्या प्रमुखाने लिहून द्यायचं, की माणूस कसा आहे आणि त्याच्यावर विसंबावं का. धाकटीने उभ्या जन्मात एकाच ठिकाणी काम केलं होतं, ते म्हणजे बाबांच्या दुकानात. ती गेली तर ज्यांचं सगळ्यात जास्त अडणार होतं, तेच तिथले प्रमुख होते.

हे कळलं तेव्हा आत्या पोट धरून हसली होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. महाविद्यालयवाल्यांनी आपलं घर बघूनच नियम केलेला दिसतोय, असं तिचं म्हणणं पडलं.

रविवारचं जेवण दुकानाच्या वरच्या खोलीत व्हायचं. तिथलं टेबल म्हणजे दोन जुनी पायमशिनं शेजारी-शेजारी ठेवून वर एक फळी ठोकलेली. खालचे पायडल कुणी काढले नव्हते, त्यामुळे जेवताना ज्याचं मन ठिकाणावर नसेल त्याचा पाय आपोआप चालायला लागायचा आणि खालची चाकं कुरकुरायची. वहिनीने लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षातच ही भाषा शिकून घेतली होती. आज दोन्ही चाकं चालू होती. एक धाकटीच्या पायाखालचं आणि दुसरं, ज्याला या पत्रात काडीचाही रस नव्हता, त्या दादाच्या.

दादा तसं सगळ्यांना सांगत होता. तो गल्ल्यावर बसायचा आणि बोलायचा इतकं गोड, की तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक जाताना नवीन सुयांचं पाकीट घेऊन जायचं. पेचकस मात्र बाबांनी त्याच्या हातून एकोणिसाव्या वर्षीच काढून घेतला होता. त्याने एक मशीन उघडून परत जोडलं आणि तीन स्क्रू उरले. मशीन तरीही चालत होतं, आणि बाबांना त्याचाच राग जास्त आला होता. तेव्हापासून दुकान म्हणजे दादाचं तोंड आणि धाकटीचे हात. बाबांचे हात आता बारीक कामाला थरथरत. हे सगळं दादाला पक्कं माहीत होतं, म्हणून तो आज सकाळपासून विनोद करत होता.

वरातीमागून घोडं, हे त्याचं झालं. पांढरे केस पांढऱ्या कोटाला शोभतील, हेही झालं. मग बटाट्याची फोड तोंडात टाकत तो म्हणाला, "तू शिकून दवाखाना उघडशील ना, तेव्हा बाहेर बसलेले पेशंट तुलाच विचारतील, बाई, तुमचा नंबर कितवा?"

"मी पहिला नंबर तुझा लावीन," धाकटी म्हणाली. "डोकं उघडून बघते, किती स्क्रू उरलेत."

आत्याने तिच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. हा न्याय नव्हता, हे राजकारण होतं. बाबा ज्या बाजूला असतील तिच्या विरुद्ध बाजूला आत्या, हे दोघांच्या लहानपणापासून ठरलेलं होतं. आत्याने लग्न केलं नाही त्याचंही खरं कारण हेच असावं. बाबांनी स्थळ पसंत केलं होतं. तीन आठवडे बाबा गप्प होते, म्हणजे विरोधात होते, म्हणजे आत्या धाकटीच्या बाजूने होती. डॉक्टर होण्यात काय चांगलं आणि काय वाईट याचा तिने अजून विचारच केला नव्हता. तशी वेळ आली नव्हती.

जावई टेबलाच्या कडेला बसून डुलक्या घेत होते. त्यांची बेकरी होती. पहाटे तीनला भट्टी पेटवणारा माणूस दुपारी एक वाजता जागा राहतो तो केवळ सासुरवाडीच्या धाकाने. बायकोच्या डॉक्टरकीबद्दल त्यांचं मत कुणी विचारलं की ते एकच वाक्य सांगत, की आता तीसुद्धा लवकर उठते, त्यामुळे सोबत झाली. यापेक्षा चांगलं मत आपल्याला कुठे मिळणार नाही, असं धाकटीला वाटे.

फळं कापून झाली तेव्हा बाबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि चष्मा पुसला. खालची दोन्ही चाकं थांबली.

"लिहिलंय," बाबा म्हणाले. "ऐका."

पहिली घाई आत्याला झाली. असली पत्रं गुप्त असतात, पाकीट बंद करून द्यायची असतात, ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ऐकवायची नसतात, एवढं साधं कळत नाही का, असं ती एका दमात म्हणाली. बाबांनी लिहिलं म्हटल्यावर तिची बाजू क्षणात रिकामी झाली होती आणि तिला उभं राहायला नवी जागा हवी होती. बाबांनी वहिनीकडे बघितलं. वहिनी विमा विकायची. बारीक अक्षरातलं वाचून काढणं हे घरात तिचं खातं. तिने पर्समधून महाविद्यालयाचं माहितीपत्रक काढलं (ते तिच्या पर्समध्ये कसं आलं, हे दादाने मनात नोंदवून ठेवलं) आणि वाचून सांगितलं की पत्र लिहिणाऱ्याने स्वतः पाकीट बंद करावं, उमेदवाराने करू नये, असं आहे. बंद करण्याआधी काय करावं याबद्दल एक अक्षर नाही.

"आपल्या दुकानातून ऐकवल्याशिवाय काही बाहेर गेलंय का?" बाबांनी विचारलं.

गेलं नव्हतं. दुरुस्त झालेलं मशीन परत देताना सोबत एक चिठ्ठी द्यायची, हा आजोबांच्या वेळचा शिरस्ता होता. आधी मशीनमध्ये सापडलेले दोष, मग त्यातले काढलेले, मग राहिलेले. त्या काळी निम्म्या गिऱ्हाइकांना वाचता येत नसे, म्हणून आजोबा ती चिठ्ठी उभं राहून मोठ्याने वाचत. आता सगळ्यांना वाचता येतं, तरी बाबा वाचतात. पैसे देऊन वर दोष ऐकावे लागतात म्हणून काही गिऱ्हाइकं चिडतात, आणि दादा त्यांना गोड बोलून पुन्हा आणतो. बाबांनी आयुष्यात दुसरं काही लिहिलेलंच नव्हतं. पुढे काय येणार याची शंका खरं तर तिथेच यायला हवी होती, पण घरच्यांना घरचं दिसत नाही.

बाबा उभे राहिले.

"वस्तू," त्यांनी वाचलं आणि थांबले. "हे छापील चिठ्ठीवरून उतरलं. व्यक्ती करतो." खिशातली पेन्सिल काढून त्यांनी दुरुस्ती केली. "व्यक्ती, माझी धाकटी मुलगी. दुकानात बावीस वर्षं. दोष. एक, गिऱ्हाइकाचं बोलणं पुरतं ऐकत नाही. ते सांगत असतानाच मशीन उघडते. दोन, मदत मागत नाही. मागच्या वर्षी कारखान्याचं मशीन टेबलासकट एकटीने जिना उतरवलं, आठ दिवस पाठ धरली होती, कुणाला कळू दिलं नाही."

"बाबा, एक मिनिट," दादा म्हणाला.

त्यानंतर दादा जे बोलला त्याने सगळ्यांत जास्त आश्चर्य दादालाच वाटलं. हे शिफारसपत्र आहे की पंचनामा, असं विचारून त्याने सुरुवात केली. गिऱ्हाइकाचं ऐकत नाही हे कुठल्या तोंडाने सांगता, तिला ऐकायची गरजच पडत नाही, मशीन रस्त्यावरून आणतानाच्या खडखडाटावरून ती सांगते की आत काय तुटलंय. बावीस वर्षांत तिच्या हातचं एक मशीन त्याच दोषासाठी परत आलेलं नाही. दुसऱ्या तीन दुकानांनी भंगारात काढलेली मशिनं आपल्याकडे येतात ती कुणासाठी, माझं तोंड बघायला? मागच्या महिन्यात ती एक म्हातारी बाई हातमशीन घेऊन आली होती, तिला ते विकवत नव्हतं, तेव्हा धाकटीने त्यातला भाग बाजारात मिळेना म्हणून स्वतः कानस घेऊन घासून बनवला, चार दिवस. हे लिहा ना. दोष काय लिहिताय?

"ते पुढे आहे," बाबा म्हणाले. "आधी दोष."

वहिनी मान खाली घालून माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला भराभर काहीतरी लिहीत होती. दादाने विचारलं काय लिहितेस. "तू बोलतोयस ते," वहिनी म्हणाली. "लग्नाला अठरा वर्षं झाली, बहिणीचं कौतुक पहिल्यांदा ऐकतेय. पुन्हा होईल न होईल."

धाकटी हसली, पण दादाकडे बघायचं तिने टाळलं. तो घाबरला की मोठ्याने हसतो आणि फार घाबरला की भांडतो, हे ती लहानपणापासून ओळखून होती. तो आज दोन्ही करत होता. तिला त्याची दया आली आणि आपण जातोय याची पहिल्यांदा नीट लाज वाटली.

"तीन," बाबांनी वाचलं. "आठ वर्षांपूर्वी एका कारखान्यात मशीन लावताना सुईपुढचं, बोट अडवायचं कडं काढलं आणि परत बसवायला विसरली. दुसऱ्या दिवशी शिवणाऱ्या बाईच्या बोटातून सुई आरपार गेली. ते बोट आजही पुरतं वाकत नाही. चूक हिची."

जावयांनी डोळे उघडले. टेबलाशी हे माहीत असलेले ते एकटेच होते, असं धाकटी आठ वर्षं समजत होती.

"कारखान्याच्या मालकाला हिने स्वतः जाऊन सांगितलं, कुणी विचारायच्या आधी," बाबा वाचत राहिले. "पुढे अडीच महिने रोज सकाळी त्या बाईच्या घरी जाऊन पट्टी बदलली. घरी सांगितलं नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" धाकटीने विचारलं.

बाबांनी कागद खाली केला. तू तेव्हा घरी सांगत होतीस, ते म्हणाले, की त्या कारखान्यातलं मशीन रोज बिघडतंय, म्हणून लवकर जावं लागतंय. पहिले आठ दिवस मी मानलं. मग म्हटलं, हिच्या हातचं मशीन रोजच्या रोज बिघडतं हे काही खरं नाही. म्हणून बघायला गेलो.

"माझ्यावर पाळत ठेवलीत?"

"तुझ्यावर कशाला? मशीनवर."

हसू कुणालाच आवरलं नाही, आत्यालासुद्धा, आणि तिने ते खोकल्यात घालवलं. मशीन ठणठणीत निघालं. मग तिथल्या बायकांनी मागच्या गल्लीतलं घर दाखवलं, एवढं सांगून बाबांनी चष्मा वर सरकवला आणि पुन्हा कागदात बघितलं.

"काढलेले दोष. त्या दिवसापासून मशीन देण्याआधी स्वतःचं बोट सुईपुढे सरकवून बघते. तिसरा दोष पुन्हा झालेला नाही. राहिलेले दोष, एक आणि दोन, आहेत तसे. मात्र पहिल्याबद्दल लिहिलं पाहिजे. मशीन पुढे असेल तर ही गिऱ्हाइकाचं ऐकत नाही. दुखणारा माणूस असेल तर ऐकते. त्या बाईला विचारत होती, कुठे दुखतं, कधी दुखतं, ठणकतं की टोचतं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसत होती. मी बराच वेळ दारात उभा होतो. हिने मान वळवली नाही. बावीस वर्षं हिचं काम रोज बघतो आहे, पण इतकं मन लावून काम करताना हिला मी दुकानात पाहिलेलं नाही. सबब शिफारस."

ते खाली बसले.

दादाने एवढंच सांगितलं, की तिसरा नंबर काढा. बाकीचं राहू द्या, शेवटचं तर फारच चांगलं आहे, पण बोटाचं काढा. डॉक्टरकीला निघालेल्या माणसाने एका बाईचं बोट कायमचं निकामी केलं, हे स्वतः होऊन लिहून द्यायचं? हात दाखवून अवलक्षण. ते लोक तिथेच कागद बाजूला ठेवतील.

"तुला ती जायला नको होती ना?" वहिनीने विचारलं.

"जायला नकोच आहे," दादा म्हणाला. "पण तिला कुणी नाकारायलाही नको."

आत्या आता सावध झाली होती. या घरात खरं बोलण्याचा मक्ता आपल्या भावाने घेतला आहे, याचा तिला लहानपणापासून राग होता, आणि तरीही आज तिला त्याच्याविरुद्ध काही सुचत नव्हतं. तिने धाकटीकडे बघितलं. सगळेच बघत होते. निर्णय तिचाच होता, आणि तो चुकला तर चार वर्षांच्या सकाळी पाण्यात जाणार होत्या.

धाकटीला ती बाई आठवत होती. बाई तिच्यावर एकदाही ओरडली नव्हती. दहाव्या का अकराव्या दिवशी पट्टी सोडताना तिने विचारलं होतं, तुम्ही नर्स आहात का, आणि नाही म्हणताना धाकटीला इतकं वाईट वाटलं होतं की घरी येताना ती दोन वळणं चुकली होती. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"राहू दे, दादा," ती म्हणाली. "ते काढलं तर बाकीचं पत्र कुणाबद्दल आहे, ते मलाच कळणार नाही."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर येते की तुझ्याशेजारी बसायला. तुझे स्क्रू मोजायला."

दादा हसला नाही. त्याने टेबलावर दोन्ही पंजे पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत म्हणाला, "मला मशीन उघडता येत नाही गं." घरात हे सगळ्यांना वीस वर्षांपासून ठाऊक होतं, पण ते त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. वहिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. धाकटीने सांगितलं की घेतलं तरी वर्ग सुरू व्हायला चार महिने आहेत, तेवढ्यात त्याला निदान पट्टा आणि बॉबिनचं घर शिकवीन, पुढचं सुट्टीच्या दिवशी. तू शिकवशील पण मी शिकेन का, असं तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पुन्हा थोडा विनोद आला.

तेव्हा आत्याला तिचा प्रश्न सापडला. तिने तो भांडणासाठी विचारला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिला भावाकडून काहीतरी जाणून घ्यायचं होतं.

"तुला रे? तुला ती जायला हवी आहे का?"

"नाही," बाबा म्हणाले.

मग त्यांनी पेन्सिल उचलली, तिचं टोक बघितलं आणि परत ठेवली. आणखी एक दोष आहे, ते म्हणाले, तो या कागदात बसत नाही, कारण तो हिचा नाही. त्या दारातून परत आलो तेव्हाच मला कळलं होतं की हिचं काम हे नव्हे. आठ वर्षं मला ठाऊक होतं. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. काम करून घेत राहिलो.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिला ते लपवावंसं वाटलं नाही. तिने बाबांना धीर द्यायचा म्हणून जे खरं वाटत होतं ते सांगितलं. "तेव्हा विचारलं असतंत ना, बाबा, तर मी नाहीच म्हणाले असते."

"मीही स्वतःला तेच सांगत आलो," बाबा म्हणाले. "पण ते खरं नाही. तू हो म्हणशील, म्हणून विचारलं नाही."

वहिनीने पाकीट पुढे केलं. त्यावरचा गोंद वाळून गेला होता, म्हणून जावई खाली जाऊन मशीनचे चामडी पट्टे जोडायचा गोंद घेऊन आले. बाबांनी पत्राची घडी घातली, पाकिटाच्या कडेला गोंदाचा हात फिरवला आणि ती दुमडून वर तळहात ठेवला. हा गोंद मिनिटभर दाबून धरावा लागतो. टेबलाभोवती सगळे त्या हाताकडे बघत बसले. हात थरथरत होता, पण दाब चांगला होता.

मिनिट झालं. दोन झाली.

"चिकटलं, बाबा," धाकटी हळूच म्हणाली.

"हो," बाबा म्हणाले, आणि हात तसाच ठेवून बसले.